छतात स्पीकर बसवायचेत? आधी पंखा कुठे आहे ते बघा

नागपुरात वायरिंगचं काम करता करता मला सोळा वर्षं झाली. छतातल्या स्पीकरसाठी बोलावणं हल्ली बरंच येतं, पण येतं ते उशिरा. जिप्समचे बोर्ड चढलेले, पुट्टी झालेली, रंगाचा एक हात बसलेला, आणि मग फोन, "भाऊ, दोन स्पीकर टाकून द्या ना." तोवर वायरचा रस्ता बंद झालेला असतो. फॉल्स सीलिंगचा पट्ट्यांचा सांगाडा उभा राहिला की त्याच दिवशी वायरमनला बोलवा.

मनीषनगरच्या एका फ्लॅटचं मोजमाप सांगतो, म्हणजे हिशोब कळेल. हॉल १६ फूट बाय ११, सीलिंग झाल्यावर उंची पावणेनऊ फूट. काकूंना संध्याकाळी भजनं आणि नाट्यगीतं ऐकायची होती. मुलाला टीव्हीचा आवाजही छतातूनच हवा होता. मी त्याला स्पष्ट नाही म्हटलं. माणूस समोर बोलतो आणि आवाज डोक्यावरून येतो, हे कानाला पटत नाही. टीव्हीला वेगळा साउंडबार घ्यावा, छत गाण्यांसाठी ठेवावं.

आता जागा. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे कान जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतात. तिथून छत सव्वापाच फूट. स्पीकरचा आवाज ९० अंशांत पसरतो असं धरलं, तर कानाच्या उंचीवर साडेदहा फूट व्यासाचं वर्तुळ भरतं. बारीक, तीव्र स्वर एवढे पसरत नाहीत, म्हणून मी दोन स्पीकरमध्ये ८ फूटच ठेवले. दोन्हीकडच्या आखूड भिंतींपासून ४-४ फूट. पंखा बरोबर मध्ये, ४८ इंची, म्हणजे पात्याचं टोक मध्यापासून २ फुटांवर. स्पीकरचा मध्य आणि पात्याचं टोक यांत २ फूट मोकळे राहिले. स्पीकर पात्यांच्या वर आला तर फिरती पाती आवाज कापतात आणि लांबलेला आलाप थरथरल्यासारखा ऐकू येतो. आपल्याकडे मार्च ते जून पंखा बंद होत नाही, त्यामुळे ही चूक रोज ऐकावी लागते.

कूलरचाही विचार करा. खिडकीतला कूलर चालू असताना हॉलमध्ये मोठी घरघर असते आणि हवा दमट. स्पीकरचा कोन, म्हणजे आवाज काढणारा पुढचा हलता पडदा, कागदी टाळा. पॉलिप्रॉपिलीनचा कोन आणि भोवती रबराची कड असलेला साडेसहा इंची, ८ ओहमचा स्पीकर घ्या. फोमची कड काही वर्षांत भुगा होऊन गळते. घेण्याआधी दुकानात त्याची खोली मोजा. स्लॅब आणि बोर्ड यांच्यामध्ये स्पीकरच्या खोलीपेक्षा इंचभर तरी जास्त जागा हवी, आणि एसीचा पाइप तिथून जातोय का तेही बघून घ्या. वरच्या मजल्यावर राहत असाल तर गच्चीची ओल आधी बंद करा, स्पीकर नंतर.

वायर १.५ चौरस मिलिमीटरची, पूर्ण तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही बाजारात मिळते. ब्लेडने तार खरवडा, आत पांढरी दिसली तर परत करा. चांगल्या तांब्यात १५ मीटर अंतराला जाऊन-येऊन जेमतेम ०.३६ ओहम अडथळा येतो, ८ ओहमच्या स्पीकरला तो चालतो. विजेच्या वायरपासून एक फूट दूर न्या, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. बोर्ड चढण्याआधी मोजायची टेप लावून मोबाइलवर फोटो काढा. नंतर तोच नकाशा.

भोक पाडण्याआधी बोर्डावर लहान लोहचुंबक फिरवा. पट्टी लोखंडी असते, चुंबक चिकटला की तिथे कापायचं नाही. डब्यातला कागदी साचा लावून पेन्सिलने गोल काढा आणि हाताच्या करवतीने कापा. स्पीकरला बोर्डात पकडून ठेवणारे पंजे हाताने पेचकसाने आवळा. ड्रिल मशीनने आवळलं तर जिप्सम चुरतं. एक पातळ तार स्पीकरपासून स्लॅबमधल्या फास्टनरला बांधा. पंजा सुटला तरी वजन खाली माणसावर येता कामा नये.

वर चढवण्याआधी मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ओहम दाखवतो. मग पेन्सिल सेलचा प्लस लाल टर्मिनलला आणि मायनस दुसऱ्याला क्षणभर टेकवा, कोन बाहेर यायला हवा. दोन्ही स्पीकरला हे करा आणि वायरच्या दोन्ही टोकांना खुणा करा.

मनीषनगरला माझ्या मदतनिसाने एका वायरची खूण उलटी केली होती. गाणं लावलं, मला वरवर ठीक वाटलं. काकू मात्र सोफ्यावरून म्हणाल्या, "गाणं तर येऊन राहिलं, पण डग्गा कुठं गेला?" एक कोन पुढे जात होता तेव्हा दुसरा मागे, त्यामुळे खर्ज एकमेकांत विरत होता. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे एकाच स्पीकरच्या दोन तारा अदलाबदल केल्या आणि तेच भजन पुन्हा लावलं. काकूंनी मांडीवर ठेका धरला.

स्पीकरवरच्या जाळ्या मी दुसऱ्या दिवशी, रंगाचा शेवटचा हात वाळल्यावर चढवल्या.