पोराला गोळी चालू करायच्या आधी वही काढा

ऑटिझम असलेल्या लेकराला डॉक्टरांनी रिस्पेरिडोन लिहून दिलं की घरात लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते पोराला गुंगीत ठेवतील, दुसरी म्हणते एवढं शिकलेले डॉक्टर आहेत, द्या गुपचूप. दोघांचंही ऐकून घ्या पण आधी एवढंच विचारा, की गोळी नेमकी कशासाठी देतोय? ऑटिझम घालवणारं औषध नाहीये. बोलणं यावं, नजरेला नजर द्यावी यासाठी ही गोळी नाही. अमेरिकेत रिस्पेरिडोनला २००६ मध्ये (वय ५ ते १६) आणि त्याच जातीच्या एरिपिप्राझोल या औषधाला २००९ मध्ये (वय ६ ते १७) ऑटिझममध्ये मंजुरी मिळाली ती फक्त चिडचिडीसाठी, म्हणजे स्वतःला मारून घेणं, दुसऱ्याला चावणं, न आवरणारा आकांत यासाठी.

म्हणून पहिली गोळी द्यायच्या आधी आठवडाभर वही लिहा. "खूप राग येतो" असलं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. असं लिहा: "संध्याकाळी लाइट गेली, कुकरची शिट्टी झाली, डोकं भिंतीवर आपटलं, चार वेळा." सोबत झोप, जेवण, संडास. आणि त्याच पानावर नवरा-बायकोने बसून लिहायचं की कुठला त्रास चालवून घेऊ आणि कुठल्या त्रासाला लगेच फोन करू. सुरुवातीला थोडी सुस्ती आली तर चालेल, पण शाळेत बाकावर डोकं टाकून झोपायला लागला तर नाही, असं. हे आधीच ठरवा, नंतर पोरगं शांत झाल्याच्या आनंदात सगळंच चालतंय असं वाटायला लागतं.

अखाजीच्या किंवा लग्नाच्या गडबडीत चालू करू नका. मामाच्या गावी पाहुणे, ऊन, जागरण, त्यात पोरगं बिथरलं तर कशानं बिथरलं ते कोणाला सांगता येणारे? त्याच आठवड्यात नवीन थेरपी, नवीन पथ्य, कोणीतरी दिलेलं चूर्ण असंही नको. चूर्ण चालू असेलच तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

आता वजन. रिस्पेरिडोनने भूक खवळते आणि आजीबाई खूश होतात, बाळसं धरलं म्हणून! ते बाळसं नाही. सुरुवातीचे महिने दर आठवड्याला त्याच काट्यावर, त्याच वेळी, चप्पल काढून वजन करा, गल्लीतल्या किराणावाल्याचा काटा चालतो. चालू करायच्या आधी उंची, वजन, उपाशीपोटीची शुगर आणि कोलेस्टेरॉल करून घ्या आणि साधारण तीन महिन्यांनी परत करायचं का ते विचारा. पोराला खादाड म्हणून रागावू नका, ती भूक औषधाची आहे. रावेर-यावलकडं घरात केळीचा घड टांगलेलाच असतो, शेवेचा डबा हाताशी असतो, ते नजरेआड ठेवा आणि पोटभर कळण्याची भाकरी-भाजी द्या. एरिपिप्राझोलने वजन बहुतेक वेळा कमी वाढतं पण वाढतच नाही असं नाही.

सगळ्यात फसवा त्रास म्हणजे आतली अस्वस्थता. औषधामुळे पोराला एका जागी बसवतच नाही, येरझारा, पाय हलवणं, रडं. बोलता येत नसेल तर सांगणार कसं? आपल्याला वाटतं त्रास वाढला, डोस वाढवा, आणि डोस वाढवला की अजून बिघडतं. म्हणून गोळी चालू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर हे नवीन दिसलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढा. ओपीडीत पाच मिनिटांत पोरगं जे दाखवत नाही ते व्हिडिओत दिसतं. तोंड-जीभ सतत हलतेय, हात थरथरतायत, लाळ गळतेय, यांचाही काढा. बद्धकोष्ठानेही पोरं चिडतात, तो संडासचा रकाना त्यासाठीच. मुलाची छाती सुजल्यासारखी वाटली किंवा वयात आलेल्या मुलीची पाळी थांबली तर लाजू नका, रिस्पेरिडोनने प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं, तेही सांगायचं.

वाट बघायची नाही अशा दोन गोष्टी. मान वाकडी होऊन अडकली, डोळे वर चढले तर लगेच दवाखाना. आणि जोराचा ताप, अंग लाकडासारखं ताठ, भान नाही असं झालं तर सरळ कॅज्युअल्टी गाठा आणि औषधाची चिठ्ठी सोबत न्या. जळगाव-भुसावळचा मे महिना वेगळाच, या औषधांनी अंगाची उष्णता आवरायची ताकद कमी होऊ शकते, त्यामुळे दुपारी उन्हात काढू नका, मागितलं नाही तरी पाणी पाजत राहा.

सिरप असेल तर एमजी आणि एमएल यात घोळ करू नका, चमचा नको, सिरिंजने मोजा, आणि मेडिकलवाल्याने दुसरी कंपनी दिली तर स्ट्रेंथ, म्हणजे एका एमएलमध्ये किती एमजी औषध आहे, ती वाचून घ्या.

त्रास दिसला म्हणून मनाने एकदम बंद करू नका, डोस हळूहळू कमी करतात आणि तो कसा ते डॉक्टरच ठरवतील. वही घेऊन जा, आधीचं पान आणि आत्ताचं पान शेजारी ठेवा. डोकं आपटणं चारवरून एकवर आलं आणि वजन थोडंच वाढलं तर बोलणं वेगळं होतं, आपटणं तेवढंच आणि पँटचा साइज मात्र दोनने वाढला तर वेगळं. आणि सगळं छान चालू असलं तरी मधूनमधून विचारायचं, "डॉक्टरसाहेब, अजून लागते का ही?"