अमीब्रोकरमध्ये शेअरची यादी आणि रोजचा डेटा कसा भरायचा, कमी रेंजच्या गावातूनही

कापसाचे पैसे हातात आले की डीमॅट उघडणारे पोट्टे आजकाल आमच्याकडे गावोगावी आहेत. मोबाईलवर चार्ट पाहून कंटाळले की लॅपटॉपवर अमीब्रोकर (शेअरचे चार्ट काढायचं सॉफ्टवेअर) टाकतात अन् मंग तिथंच अडकतात, काहून की ते उघडलं तर आत आपल्या कामाचं काहीच नसते, शेअरची नावंही आपणच भरायची अन् भावही आपणच आणायचे. भाव आणणं सोपं आहे भाऊ, खरा घोळ नावांचा आहे, म्हणून आधी नावांचंच पाहू.

एकाच कंपनीला जागोजागी वेगळं नाव असते. एनएसई अन् बीएसई हे आपले दोन शेअर बाजार. एनएसईवर रिलायन्स म्हणजे नुसतं रिलायन्स, बीएसईवर तिचा सहा आकडी कोड ५००३२५, आणि जुने भाव फुकट देणाऱ्या याहू फायनान्सच्या साईटवर एनएसईच्या नावापुढं डॉट एनएस जोडावं लागते, बीएसई पाहिजे तर डॉट बीओ. अमीब्रोकरले हे काही समजत नाही, स्पेलिंग जराशी वेगळी दिसली की तो वेगळाच शेअर धरतो. मंग याहूवरून घेतलेला जुना डेटा डॉट एनएसच्या नावाखाली पडते, रोजचा डेटा नुसत्या नावाखाली पडते, अन् लोक विचारून राहिले की चार्ट मधातच काहून थांबला. तर आधीच ठरवा की कोणतं नाव वापरायचं. मी सगळीकडे डॉट एनएसवालंच ठेवतो, कारण याहूवर त्याच्याशिवाय चालत नाही आणि एनएसईच्या फाईलमध्ये ते आपल्याला जोडता येते.

आता यादी. एनएसईच्या साईटवर सगळ्या लिस्टेड शेअरची सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाईल) मिळते पण त्यात दोन हजाराच्या वर नावं आहेत, त्यातली बहुतेक तुम्ही आयुष्यात उघडून पाहणार नाही. निफ्टी इंडायसेसच्या साईटवरून निफ्टी ५० ची किंवा फार तर निफ्टी ५०० ची यादी घ्या, तिच्यात कंपनीचं नाव, इंडस्ट्री, सिम्बॉल, सिरीज आणि आयएसआयएन असे कॉलम असतात. आपल्याला फक्त सिम्बॉल, म्हणजे शेअरचं बाजारातलं छोटं नाव पाहिजे. एक्सेलमध्ये बाजूच्या रिकाम्या कॉलममध्ये फॉर्म्युला लावून सिम्बॉलपुढं डॉट एनएस जोडा, खाली ओढा, तो कॉलम कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. एका ओळीत एकच नाव, मागं स्पेस नको, मधात रिकामी ओळ नको. सेव्ह करताना खाली ऑल फाईल्स निवडून नावाच्या शेवटी डॉट टीएलएस लिहा, नाहीतर नोटपॅड गुपचूप डॉट टीएक्सटी चिकटवते. नावं हातानं टाईप करायच्या भानगडीत पडू नका, महिंद्राच्या दोन एमच्या मधात अँडचं चिन्ह आहे अन् बजाज ऑटोच्या मधात डॅश आहे, तिथंच माणूस चुकते.

अमीब्रोकरमध्ये फाईल, न्यू, डेटाबेस असं जा, फोल्डरला नाव द्या, डेटा सोर्स लोकल डेटाबेस ठेवा आणि बेस टाईम इंटरव्हल एंड ऑफ डे. एवढंच. मंग त्याच्याच सोबत येणारं, नेटवरून भाव उतरवणारं अमीकोट उघडा, डॉट टीएलएस फाईल त्यात ओपन करा, सोर्स याहू हिस्टॉरिकल, कुठून कुठपर्यंतच्या तारखा, ऑटोमॅटिक इम्पोर्टला टिक, आणि स्टार्ट. अमीब्रोकर मागं उघडंच पाहिजे. रेंज कमी असेल तर पन्नास नावांनीच सुरुवात करा, टॉवर ढेपाळला की अमीकोट त्या त्या नावासमोर एरर दाखवते, तेवढीच परत घेता येतात. अमीकोटची जुनी आवृत्ती असेल तर आधी ती अपडेट करून घ्या, याहूनं काही बदललं की जुनी बंद पडते. झालं की नागपूरची सोलर इंडस्ट्रीज (तुमच्या यादीत असली तर) किंवा तुमच्या ओळखीचा कोणताही शेअर उघडून दुसऱ्या ॲपच्या चार्टशी ताडून पाहा.

हे जुन्या डेटाचं एकदाच करायचं काम. रोजच्यासाठी मात्र मी भावकॉपीच सांगतो. बाजार साडेतीनला बंद होते, संध्याकाळी एनएसई दिवसभराच्या सगळ्या शेअरची एकच झिप फाईल टाकते, तीच भावकॉपी, ती एवढी लहान असते की एक दांडी रेंज असली तरी उतरते, मोबाईलवर उतरवून केबलनं लॅपटॉपवर घेतली तरी चालते. लाईन गेली असेल तर उद्या घ्या, मागच्या तारखेच्या फायलीही तिथंच राहतात.

८ जुलै २०२४ पासून या फाईलचा साचा बदलला, त्यामुळे त्याच्या आधीचे जे व्हिडिओ आहेत ते पाहून कॉलम लावले तर जमणार नाही. आताच्या फाईलमध्ये एक्सेलच्या हिशोबानं तारीख ए कॉलममध्ये, सिम्बॉल एचमध्ये, सिरीज आयमध्ये, ओपन हाय लो क्लोज (सुरुवातीचा, सगळ्यात वरचा, सगळ्यात खालचा अन् बंदचा भाव) अनुक्रमे ओ, पी, क्यू, आरमध्ये आणि व्हॉल्यूम थेट वायमध्ये आहे. बाकीचं आपल्या कामाचं नाही.

झिप उघडून पहिले सिरीजवर फिल्टर लावा अन् फक्त ईक्यू (नेहमीचे शेअर) आणि बीई ठेवा. हे लोक टाळतात आणि मंग फसतात. एकाच कंपनीचा शेअर आणि तिचे बॉण्ड एकाच सिम्बॉलखाली असू शकतात, फरक फक्त सिरीजमध्ये असतो. रेल्वेला कर्ज पुरवणाऱ्या आयआरएफसीचंच घ्या, शेअर शे-दीडशेच्या आसपास अन् बॉण्ड हजाराच्या वर, फिल्टर नाही लावला तर बॉण्डचा भाव शेअरवर बसते आणि चार्ट एकाच दिवसात आभाळाला लागते. बीई ठेवायचं कारण असं की एक्स्चेंज एखादा शेअर ट्रेड टू ट्रेडमध्ये (जिथं आज घेऊन आजच विकता येत नाही) टाकते तेव्हा तो ईक्यूमधून बीईमध्ये जातो, तुम्ही फक्त ईक्यू घेतलं तर तितके दिवस चार्टमध्ये खड्डा.

मंग नवीन शीटवर सात कॉलम करा: डॉट एनएस जोडलेलं नाव, तारीख, ओपन, हाय, लो, क्लोज, व्हॉल्यूम. पेस्ट करताना व्हॅल्यूज म्हणूनच करा. आणि तारखेकडं नीट पाहा, मूळ फाईलमध्ये आधी वर्ष, मंग महिना, मंग दिवस आहे, पण एक्सेल उघडल्या उघडल्या ती आपल्या मनानं दिवस-महिना अशी उलटी करते आणि सेव्ह केलं की तशीच जाते. अमीब्रोकरमध्ये जो क्रम सांगाल तो फाईलमधल्या क्रमाशी जुळला पाहिजे. नाहीतर ८ जुलै जाऊन ७ ऑगस्टले बसते. चार्टमध्ये उद्या-परवाची कॅन्डल (एका दिवसाचा भाव दाखवणारी दांडी) आजच दिसली तर समजा तारीखच उलटी गेली.

सीएसव्ही सेव्ह केली की अमीब्रोकरच्या फाईल मेनूत इम्पोर्ट विझार्ड. फाईल निवडा, एकेका कॉलमला काय आहे ते सांगा, सेपरेटर कॉमा, वरची एक ओळ स्किप. नवीन सिम्बॉल आपोआप जोडायची टिक काढून ठेवा, नाहीतर फाईलमधले दोन हजार शेअर तुमच्या पन्नासात येऊन बसतात. शेवटी सेटिंग इम्पोर्टरच्या मेनूत जोडायची टिक मारून एक नाव द्या, उद्यापासून फाईलमधल्या इम्पोर्ट आस्कीतून तेच नाव निवडलं की झालं. चार दिवसांच्या फायली साचल्या असतील तर एकत्र सिलेक्ट करता येतात. आणि शनिवार आहे म्हणून सरसकट सोडू नका, १ फेब्रुवारी २०२५ ला बजेट होतं म्हणून शनिवारी बाजार चालू होता, दिवाळीच्या मुहूर्ताचंही तसंच.

बोनस (कंपनीनं दिलेले जादा शेअर) किंवा स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर) झालं की भावकॉपी जुने भाव सुधारत नाही. रिलायन्सनं ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला तेव्हा भाव रातोरात निम्म्यावर दिसला, बाजार पडला नव्हता. अशा वेळी सिम्बॉल मेनूतलं स्प्लिट वापरा, नाहीतर तेवढ्या एका शेअरचा जुना डेटा याहूवरून परत ओढा. नाव बदललं तरी तेच, झोमॅटोचं २०२५ मध्ये इटर्नल झालं, यादीत नवीन नाव टाकून परत डाउनलोड करा अन् जुनं डिलीट.

आता आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न, सोयाबीनचा चार्ट टाकता येते का. डिसेंबर २०२१ मध्ये बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनं सोयाबीनसकट बऱ्याच शेतमालाचे वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) बंद केले आणि पुढं मुदत वाढवतच नेली, त्यामुळे वायद्याचा चार्ट तिथंच तुटते. पण बाजार समितीचे भाव टाकता येतात. ॲगमार्कनेट या सरकारी साईटवर किमान, कमाल, मोडल (ज्यात जास्त माल विकला तो) भाव अन् आवक मिळते, याच सात कॉलमात लोमध्ये किमान, हायमध्ये कमाल, ओपन-क्लोज दोन्हीत मोडल, व्हॉल्यूममध्ये आवक असं भरा, फक्त या वेळी नवीन सिम्बॉल जोडायची टिक चालू ठेवा. एक लक्षात असू द्या, शेअरचा हाय-लो म्हणजे दिवसभरातला चढ-उतार, सोयाबीनचा किमान-कमाल म्हणजे मालातला फरक, ओलावा अन् डाग, त्यामुळे त्याच्यावर कॅन्डलचे पॅटर्न शोधत बसू नका, क्लोजची नुसती लाईनच लावा.