लिंबाच्या पानांचं सिरप करताना या चुका टाळा

सिरप कडू झालं की पानांना दोष देऊ नका. बहुतेक वेळा पानं पाकात उकळलेली असतात, तिथेच घोळ होतो. कागदी लिंबाचं पान उजेडासमोर धरून पाहा, बारीक ठिपके चमकताना दिसतील. ते तेलाचे कोष. सगळा सुवास त्यातच असतो आणि उकळलं की वाफेबरोबर उडून जातो. स्वयंपाकघर घमघमतं, पातेल्यात मात्र कडवटपणाच उरतो.

म्हणून २५० ग्रॅम साखर, २५० मिली पाणी; साखर विरघळून एक उकळी आली की गॅस बंद. पाचेक मिनिटांनी १०-१२ पानं हाताने चुरगळून टाका आणि लगेच झाकण ठेवा. अर्ध्या तासाने चव घ्या आणि वास उतरला असेल तर गाळा. रात्रभर ठेवण्याचा मोह टाळाच, त्याने हिरवट कडूपणा तेवढा वाढतो. वास फिका वाटला तर सिरप पुन्हा गरम करून ताजी पानं घाला. कडू झालेलं सिरप साध्या पाकात मिसळून थोडंफार सावरता येतं, पण मूळचा सुवास परत येत नाही.

पानं तोडताना घाई नको. अगदी कोवळी पोपटी पानं नकोत, जून झालेली जाडही नकोत. पानावर नागमोडी चंदेरी रेघ असेल तर ती पान पोखरणाऱ्या अळीची. खरखरीत तपकिरी ठिपके असतील तर खैऱ्या रोगाचे. चिकट काजळी धरलेली पानंही टाकून द्या. फवारणी झालेल्या किंवा नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या झाडाची पानं मुळीच वापरू नका.

एक सूचना मात्र गंभीरपणे घ्या. लिंबाची पानं चालतात म्हणून कुठल्याही फळझाडाची चालतील असं नाही. पीच, जर्दाळू, चेरी यांच्या पानांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, ती घरगुती प्रयोगांना नकोत. अंजिराच्या पानांना छान नारळासारखा वास येतो, पण त्यांचा चीक अंगाला लागून ऊन पडलं तर त्वचा भाजल्यासारखी होते. हातमोजे घाला.

धुतलेली पानं, बाटली, गाळणी सगळं कोरडं हवं. समप्रमाणातलं सिरप फ्रीजमध्ये दोनेक आठवडे राहतं. गढूळ झालं, बुडबुडे आले किंवा आंबूस वास आला तर फेकून द्या. तळाशी खडे धरले असतील तर पाक जास्त आटलाय. थोडं पाणी आणि चार थेंब लिंबाचा रस घालून गरम करा.

सरबत करताना लिंबू कमी पिळायची चूक खूपजण करतात. पानांतून वास येतो, आंबटपणा नाही. ग्लासभर गार पाण्याला दोन मोठे चमचे सिरप, अर्धं लिंबू आणि चिमूटभर मीठ घाला.