टायमिंग बेल्ट घरी बदलायचा की मेकॅनिककडे? दोन्हीकडच्या या चुका टाळा

फॅन बेल्ट तुटला तर बॅटरीचा दिवा लागतो, गाडी तापायला लागते आणि तुम्ही कडेला थांबून ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावता. टायमिंग बेल्ट तुटला तरी फोन त्यालाच जातो, पण मग हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा व्हॉल्व्हवाला भाग, उतरवायचं काम निघतं. क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना एकत्र बांधून ठेवणारा हा दातेरी रबरी पट्टा. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक व्हायला हवा. हा हिशोब चुकला की बऱ्याच इंजिनांत वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. डिझेलमध्ये तर पिस्टन आणि हेड यांच्यात जागाच इतकी थोडी असते की तिथे नशिबावर सोडण्यासारखं काही नसतं.

नाशिकमध्ये हे काम घरी करून बघणाऱ्यांची कमी नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यात नोकरी केलेल्या माणसाच्या घरी सॉकेट सेट असतो, हातही बसलेला असतो. 'नट-बोल्टच तर आहेत,' हे त्याचं म्हणणं खोटंही नाही. पण कंपनीत डायल गेजने मोजल्याशिवाय जॉब पुढे न सोडणारा हाच माणूस रविवारी पार्किंगमध्ये बेल्ट मात्र नजरेच्या अंदाजाने बसवतो. या कामात ताकद लागत नाही, तपासून बघायची चिकाटी लागते. घरी की गॅरेजमध्ये, हा प्रश्न माझ्या मते त्यानंतरचा.

गाडीला बेल्ट आहे की चेन, हेच माहीत नसणं

मॉडेलच्या नावावरून ठरवू नका, इंजिनावरून ठरवा. जुन्या १.३ पेट्रोल स्विफ्टला बेल्ट होता, २०१० मध्ये स्विफ्टमध्ये आलेल्या के-सिरीज इंजिनाला चेन आहे आणि त्याच स्विफ्टच्या १.३ डिझेललाही चेनच. आय-टेनच्या १.१ ला बेल्ट, १.२ कप्पाला चेन. अल्टो ८००, सँट्रो झिंग, जुनी इंडिका डिझेल, जुनी २.५ डिझेल इनोव्हा, डस्टरचं १.५ डिझेल, पोलो-व्हेंटोचं टीडीआय, फिगो-इकोस्पोर्टचं टीडीसीआय ही सगळी बेल्टवाली. आपल्या नाशिकच्या महिंद्रा प्लांटमधून बाहेर पडलेली लोगन आणि नंतरची व्हेरिटो डिझेल यांच्यातही डस्टरच्याच घराण्यातलं इंजिन, म्हणजे बेल्टच.

इकोस्पोर्टचं एक लिटरचं इकोबूस्ट वेगळं. त्याचा बेल्ट इंजिन ऑइलमध्ये भिजलेलाच चालतो आणि चुकीचं ऑइल टाकलं तर तो झिजून त्याचा चुरा ऑइलच्या जाळीत अडकतो. त्याला घरी हात लावू नका. विषय संपला.

फक्त किलोमीटर बघणं

कंपनीच्या पुस्तकात किलोमीटर आणि वर्षं असे दोन्ही आकडे दिलेले असतात. जे आधी पूर्ण होईल ते धरायचं. पिंपळगावला शेतावर जाण्यापुरती काढलेली, एरवी शेडमध्ये उभी असलेली गाडी वर्षाला चार हजारही चालत नाही, पण रबर म्हातारं व्हायचं थांबत नाही. उलट द्वारका चौकात रोज अर्धा तास रेंगाळणाऱ्या गाडीचा मीटर पुढे सरकत नाही, इंजिन मात्र फिरतच असतं. सेकंडहँड गाडी घेतली आणि बेल्ट बदलल्याचं बिल मिळालं नाही, तर तो बदललेला नाही असंच समजा. शिर्डी-त्र्यंबकच्या फेऱ्या मारून विकायला काढलेल्या जुन्या इनोव्हात तर हे हमखास तपासा. तिच्या डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा असतो, तो ठरलेल्या किलोमीटरला पेटतो आणि बेल्ट न बदलताही रीसेट करता येतो. दिवा बंद आहे, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

'आवाज आला की बदलू' हाही एक गैरसमज. सकाळी थंड गाडी सुरू करताना येणारी 'चीं' बहुतेक वेळा बाहेरच्या अल्टरनेटर किंवा एसीच्या बेल्टची असते. टायमिंग बेल्ट दातेरी असल्यामुळे तसा घसरत नाही, आणि तुटण्याआधी पुष्कळदा काहीच सांगत नाही. कव्हर काढून वरवर बघितला तर पाच वर्षांचा बेल्टही नवा वाटतो.

घरी करायचं तर कुठल्या गाडीचं?

माझं मत स्पष्ट आहे. अल्टो ८०० किंवा जुन्या सँट्रोसारखं साधं पेट्रोल इंजिन, खुणा डोळ्यांना दिसणाऱ्या, त्या इंजिनाचं सर्व्हिस मॅन्युअल हाताशी, टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आणि जॅक स्टँड घरात, आणि सोमवारी सकाळी गाडी लागणारच आहे अशी घाई नाही, तर करा. डस्टर, व्हेरिटो, टीडीआय, टीडीसीआय यांचं करू नका. त्यांत क्रँक आणि कॅम जागेवर धरायला लॉकिंग पिना लागतात, डिझेल पंपाचा गिअरही त्याच बेल्टवर असतो आणि वर एक इंजिन माउंटिंग सोडावं लागतं. काही इंजिनांत तर गिअरला चावीच (खाचेत बसून त्याला जागेवर धरणारा तुकडा) नसते, नुसत्या बोल्टच्या घट्टपणावर तो धरलेला असतो. तिथे व्हाइटनरने खुणा करून बेल्ट चढवणं हा जुगार आहे.

घरी केल्यावर नेमकं कुठे फसतं

पहिलं, गाडीखाली. जॅकवर गाडी आणि जोडीला विटा, हे करू नका. वीट भाराखाली अचानक फुटते. स्टँडच हवेत. माउंटिंग सोडायचं असेल तर ऑइल चेंबरखाली लाकडी ठोकळा ठेवून इंजिनाला जॅकचा आधार द्या. सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

मग खुणा. एक नंबरचा पिस्टन वर आला म्हणजे टायमिंगला आला असं नाही. दोन फेऱ्यांत तो दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा धूर बाहेर टाकताना. क्रँकची आणि कॅमची, दोन्ही खुणा एकाच वेळी जुळल्या तरच जागा बरोबर. आणि क्रँकची खूण बघायची ती आतल्या गिअरवर. बाहेरच्या पुलीवरचा कट वेगळ्या कामासाठी असतो आणि ती पुली बेल्ट काढायच्या आधीच बाहेर निघते.

जुना बेल्ट काढायच्या आधी त्याच्यावर आणि गिअरवर रंगाचे ठिपके देऊन ते नव्यावर उतरवायची युक्ती बरेच जण वापरतात. जुना बेल्टच आधीपासून एक दाता चुकीचा बसलेला असेल, तर तुम्ही ती चूक इमानदारीने पुढे चालवता. ठिपके खुशाल द्या, पण शेवटचा शब्द इंजिनावर कंपनीने कोरलेल्या खुणांचा.

बेल्ट चढवताना क्रँकपासून सुरुवात करा. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) नसलेली बाजू आधी ताणून घ्या आणि टेन्शनरची बाजू सगळ्यात शेवटी. हे उलटं झालं तर टेन्शनर नसलेल्या बाजूला थोडी ढील राहते, टेन्शनर सोडताच ती ढील ओढली जाते आणि कॅम अर्धा-एक दाता सरकतो. बसवताना बरोबर दिसलेली खूण दोन फेऱ्यांनंतर चुकलेली दिसते, ती यामुळे. बेल्ट बसत नाही म्हणून स्क्रू ड्रायव्हरने ढकलू नका, पिळू नका, उलटा दुमडू नका. आतले धागे तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि सगळ्यात जास्त गाळली जाणारीही हीच. सेल मारायच्या आधी क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा, नेहमीच्या फिरण्याच्या दिशेनेच. स्पार्क प्लग काढून ठेवले तर हलकं फिरतं. मध्येच कडक अडलं तर जोर लावू नका. पिस्टन व्हॉल्व्हला टेकला असेल. हाताने फिरवताना तो फक्त टेकतो, स्टार्टरने फिरवताना वाकवतो. दोन फेरे झाले की खुणा परत बघा. जुळल्या नाहीत तर बेल्ट काढून पुन्हा. 'थोडंसंच तर सरकलंय' असं म्हणून कव्हर लावायचं नाही.

इथे एक गंमत होते. काही नव्या बेल्टवर कंपनीने रंगाच्या रेघा मारलेल्या असतात. त्या फक्त बसवतानाच गिअरच्या खुणांसमोर येतात. दोन फेरे फिरवल्यावर रेघा भलतीकडेच गेलेल्या दिसतात आणि माणूस घाबरून बरोबर बसलेला बेल्ट काढतो. रेघा सोडा, गिअरच्या आणि इंजिनाच्या खुणा बघा.

क्रँकचा बोल्ट सोडवण्यासाठी पाना चासीला अडकवून सेल मारण्याचा प्रकार पाहिला असेल, तर विसरून जा. लॉकिंग पिनेच्या जोरावर तो सोडवणं ही दुसरी चूक. पिना जागा दाखवायला असतात, ताकद झेलायला नाही. पुली धरायला वेगळं होल्डर मिळतं. मॅन्युअलमध्ये 'बोल्ट एकदाच वापरा' असं लिहिलं असेल तर नवा घ्या.

बसवल्यावर काही बिघडलं तर

गाडी सुरूच होत नाही किंवा थरथरते, ओढत नाही, चेक इंजिनचा दिवा लागतो: टायमिंग एखादा दाता चुकलेलं असण्याची दाट शक्यता. स्कॅनरवर पी००१६ कोड आला तर क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही असा त्याचा अर्थ. सेन्सर बदलण्याआधी खुणा बघा. चालवून 'बघू' नका.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारा शिट्टीसारखा बारीक आवाज आला तर बेल्ट जास्त ताणलाय. असाच चालवला तर टेन्शनरचं आणि पाण्याच्या पंपाचं बेअरिंग जातं. कव्हरला फटके बसल्यासारखा आवाज आला तर ढील आहे. ताण इंजिन थंड असतानाच आणि टेन्शनरच्या काट्यावर बघायचा. दोन बोटांनी बेल्ट पिळून बघायची पद्धत जुन्या गाड्यांबरोबर गेली.

गाडी तापते आणि हीटर मात्र थंड हवा फेकतो: पाण्याचा पंप बदलताना कूलंट काढलं, भरताना हवा अडकली. हवा काढून घ्या आणि नळाच्या पाण्यावर भागवू नका.

मेकॅनिककडे देताना होणाऱ्या चुका

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फक्त बेल्ट बदलून घेणं. टेन्शनर आणि आयडलर (बेल्टला वळण देणारी पुली) तेवढेच चाललेले असतात आणि त्यांतलं एक बेअरिंग जाम झालं तरी नवा बेल्ट जातो. पाण्याचा पंप टायमिंग बेल्टवरच फिरत असेल, डस्टर आणि टीडीआयमध्ये तसंच आहे, तर तोही याच वेळी बदला. नंतर गळला तर पूर्ण मजुरी पुन्हा द्यावी लागते. कॅम आणि क्रँकच्या सील ओल्या दिसत असतील तर त्याही, कारण ऑइल लागलेला बेल्ट फुगतो आणि त्याचे दाते सुटतात. गेट्स, कॉन्टिटेक, डेको, आयएनए, एसकेएफ यांचे पूर्ण किट मिळतात. डब्यावरचा पार्ट नंबर आपल्या इंजिनाचाच आहे ना, हे स्वतः ताडून बघा. संशयास्पद स्वस्त किट घेऊन दोन पैसे वाचवायची ही जागा नाही.

काम देताना दोन प्रश्न विचारा. 'या इंजिनाचं लॉकिंग टूल आहे का?' आणि 'बसवल्यावर हाताने फिरवून बघणार ना?' चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी चिडत नाही, उलट टूल काढून दाखवतो. 'आम्ही अशा शंभर केल्यात, टूल कशाला?' असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा. संध्याकाळी पाच वाजता गाडी लावून 'आजच द्या' म्हणणारं गिऱ्हाईक ही मेकॅनिकच्या बाजूची डोकेदुखी. हे काम घाईत करून घेऊ नका.

जुने पार्ट परत मागा. बिलावर पार्ट नंबर आणि किलोमीटर लिहून घ्या, बॉनेटखाली तारखेचं स्टिकर लावून घ्या. गाडी विकताना हाच कागद कामाला येतो.

चालता चालता तुटलाच तर

इंजिन एकदम बंद पडतं. कसारा घाटात हे झालं तर स्टिअरिंग जड होईल आणि ब्रेक एक-दोनदा दाबल्यावर कडक होतील. म्हणून पेडल पुनःपुन्हा सोडून दाबू नका. एकच दाब घट्ट धरून ठेवा आणि गाडी कडेला घ्या. मग हँडब्रेक, पार्किंग लाइट (चारही इंडिकेटर), चाकाला दगड.

सेल मारून बघायचा मोह होतोच. बेल्ट तुटल्यावर स्टार्टर नेहमीपेक्षा हलका आणि सुसाट फिरतो, कारण कॉम्प्रेशनच उरलेलं नसतं. तो आवाज एकदा ऐकला तेवढं बस. परत परत किल्ली फिरवणं, धक्का देऊन गिअरमध्ये सोडणं, उतारावर क्लच सोडून बघणं, या प्रत्येकात वाचलेला व्हॉल्व्हही वाकू शकतो. न्यूट्रलमध्ये टो करा. ऑटोमॅटिक असेल तर फ्लॅटबेडच बोलवा. गॅरेजमध्ये लगेच 'हेड उतरवा' म्हणायच्या आधी टायमिंग जुळवून कॉम्प्रेशन तपासायला सांगा. हळू चालताना तुटला असेल आणि इंजिन पेट्रोलचं असेल, तर कधीकधी नव्या किटवर भागतं.