अस्तर आटवलंय का? दिवाळीच्या घरगुती शिवणात या चुका टाळा

नवरात्र संपलं की इंदूरच्या मराठी घरांत मशीनवरचं झाकण निघतं. शीतलामाता बाजारातून कापड येतं, कपाटाच्या तळातली आजीची माहेश्वरी बाहेर येते, आणि धनत्रयोदशीच्या आत नातीचं परकर-पोलकं, मुलाचा कुर्ता, भाऊबीजेला द्यायचे बटवे आणि घरातल्या कुत्र्यालाही काहीतरी सणाचं, असा सगळा बेत ठरतो. बेत चांगलाच आहे. पण दिवाळी उलटली की उसवायला आणि दुरुस्तीला जे कपडे येतात, त्यांच्यात चुका दर वर्षी त्याच असतात. त्यातल्या बहुतेक मशीनला पाय लावायच्या आधीच झालेल्या असतात.

न आटवलेलं अस्तर

ही चूक सगळ्यांत जास्त नुकसान करते, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर.

दुरुस्तीला आलेलं एक परकर-पोलकं डोळ्यांसमोरून जात नाही. सहा वर्षांच्या मुलीचं, आजीच्या आमसुली माहेश्वरीतून बेतलेलं. टीप सरळ, चुण्या एकसारख्या, हुकांच्या जागा अचूक. लक्ष्मीपूजनाला ते अंगावर सुरेख बसलं होतं. मग घरीच पहिल्यांदा धुतलं आणि वाळल्यावर परकराचा घेर खालून फुग्यासारखा आत वळला. काठ, ज्याच्यासाठी साडी कापली होती, तो अर्धा आत गेला. पोलक्याच्या पाठीला सुरकुत्या पडल्या आणि काखेतली शिवण ताणून फाटली.

कारण साधं आहे. वरची साडी वीस वर्षं धुतलेली, तिला जेवढं आटायचं तेवढं ती केव्हाच आटली होती. अस्तर मात्र दुकानातून आणलेलं कोरं पॉपलिन. कापड विणताना आणि कांजी करून गुंडाळताना सुती धागा ताणून धरलेला असतो. पाण्यात पडला की तो ताण सोडतो. कोरं सुती कापड सहज 3 ते 5 टक्के आटतं. परकराची उंची 24 इंच धरली, तर अस्तर जवळजवळ 1 इंच वर जातं. वरचं कापड आहे तेवढंच राहतं. दोन्ही खाली एकत्र दुमडून टीप मारलेली असेल, तर काठ आत ओढला जाण्याशिवाय दुसरं काही होऊच शकत नाही. म्हणून जुन्या साडीला नवं अस्तर लावताना जास्त काळजी घ्यायची असते, आणि नेमकं तिथेच लोक म्हणतात, साडी जुनीच आहे, आटवायचं कशाला.

त्या परकराची खालची शिवण उसवली, अस्तर मोकळं केलं आणि साडीपेक्षा इंचभर आखूड ठेवून वेगळं दुमडलं. परकर वाचला. पोलकं नाही वाचलं. बाजूंना माया, म्हणजे शिवणीच्या आत ठेवायचं जादा कापड, जेमतेम पाव इंच सोडलेली, त्यामुळे उसवून सैल करायला जागाच नव्हती. सगळं अस्तर बदलावं लागलं, आणि काखेत फाटलेल्या माहेश्वरीला आतून ठिगळ आलं ते आलंच.

अस्तर आटवायला वेगळी विद्या लागत नाही. कापडाची घडी मोडा, बादलीत साध्या पाण्यात तीन-चार तास बुडवून ठेवा, पिळू नका, सावलीत दोरीवर सरळ टाका. पूर्ण कोरडं व्हायच्या आत उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करा. मग बेता. दुकानदार ‘आटवलेलंच आहे’ म्हणाला तरी हे करा. नुसती वाफेची इस्त्री फिरवून काम भागतं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. वाफेने थोडं आटतं, बाकीचं पहिल्या धुण्यात आटतं. गडद अस्तर असेल तर रंग जातो का तेही याच वेळी पाहा: ओलं पांढरं फडकं कोपऱ्यावर घासा. रंग लागला तर ते अस्तर फिक्या चंदेरीखाली घालू नका. मूठभर मीठ टाकून बाजारातल्या कापडाचा कच्चा रंग पक्का होत नाही.

माहेश्वरी आणि चंदेरी बुडवायची नाही. उलट्या बाजूने, वर मलमलीचं फडकं ठेवून, रेशमाच्या तापमानावर इस्त्री. हल्लीच्या बऱ्याच जरीत प्लास्टिकचा अंश असतो. सुती कापडाच्या तापमानावर इस्त्री ठेवली की जर आक्रसते, आणि एकदा आक्रसलेली जर सरळ होत नाही.

मुलांच्या पोलक्याला दोन्ही बाजूंना 1 इंच माया सोडायची, ही सवय लावून घ्या. पुढच्या दिवाळीलाही तेच पोलकं चालतं.

चंदेरी अंगाबरोबर घट्ट

चंदेरीचा धागा बारीक आणि वीण विरळ. पाठीला किंवा काखेत ताण आला की शिवण उसवत नाही, कापडाचे धागे शिवणीपासून सरकतात आणि जाळी पडते. ती जाळी दुरुस्त होत नाही. उपाय बेततानाच करायचा: वरचं कापड अस्तरापेक्षा प्रत्येक बाजूला पाव इंच सैल ठेवा, म्हणजे ओढ अस्तरावर येते. टाका इंचाला 10 ते 12. यापेक्षा बारीक टाका घातला तर सुईच्या भोकांनीच कापड कमजोर होतं. अगदी अंगाबरोबरचं पोलकं हवं असेल तर चंदेरीचा हट्ट सोडा, खण घ्या.

कुत्र्याला माणसाचा कुर्ता

घरातल्या पोरासारखाच कुर्ता आपल्या कुत्र्यालाही, ही हौस समजते. पण कुत्र्याचं शरीर वेगळ्या घडणीचं आहे, हे बेतताना विसरलं जातं. आपले हात खांद्याच्या बाजूला असतात, म्हणून बाही बाजूला. कुत्र्याचे पुढचे पाय छातीच्या खाली, पुढच्या अंगाला असतात. माणसाच्या कुर्त्याचा छोटा नमुना काढून बाजूला बाह्या ठेवल्या, की पाय बाहेर फाकतो, काखेत शिवण घासते आणि जनावर अडखळत चालतं. लोक हसतात, फोटो काढतात. त्याला दुखत असतं आणि ते सांगू शकत नाही.

असंच एक प्रकरण. देशी कुत्रा, धाकट्या मुलाच्या कुर्त्याच्या उरलेल्या कापडाचा कुर्ता, गळ्याला नाडी, पाठीवर टिकल्या आणि चार घुंगरं. संध्याकाळी गल्लीत लड लागली. कुत्रा घाबरून दिवाणाखाली शिरला आणि नाडी दिवाणाच्या पायाला अडकली. तो जितका मागे ओढायचा, तितकी गाठ आवळायची. घरच्यांनी कात्रीने नाडी कापली म्हणून निभावलं. टिकल्या त्याने आधीच चावून काढल्या होत्या, त्या पोटात किती गेल्या हे कुणाला कळलं नाही. शिवणाऱ्या बाईंचा हात चांगला होता. चूक एकच, कपडा अडकला तर सुटणार कसा, हा विचार कापायच्या आधी झाला नव्हता.

मापं चार घ्यायची, कुत्रा उभा असताना. बसलेल्या कुत्र्याची पाठ वाकते आणि माप चुकतं.

गळा: जिथे पट्टा बसतो तिथे, दोन बोटं आत ठेवून.
छाती: पुढच्या पायांच्या लगेच मागे, सर्वांत रुंद जागी. पॉमेरेनियनला 1 इंच आणि लॅब्राडोरला 2 इंच सैल.
पाठ: गळ्याच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत. कपडा त्याच्या 2 ते 3 इंच अलीकडे संपवायचा.
पुढच्या दोन पायांमधलं अंतर: हे कुणीच घेत नाही. पोटाखालच्या पट्टीची रुंदी यावरून ठरते. पट्टी जास्त रुंद झाली की काखेत घासते.

नराच्या कपड्याचा खालचा भाग पोटाच्या मध्यावर संपवा, नाहीतर पहिल्याच फेरीत ओला होतो. कापड मऊ, धुतलेलं सुती घ्या. माहेश्वरीचा काठ लावायचाच असेल तर फक्त पाठीवर, आणि त्याखाली अस्तर. इंदूरला दिवाळीत दुपारी चांगलंच ऊन असतं. कुत्रा आपल्यासारखा अंगभर घाम गाळून थंड होत नाही, तो धापा टाकून थंड होतो. मखमल आणि अस्तर असा दुहेरी कपडा त्याला भट्टीसारखा वाटतो. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना तर मुळीच घालू नका.

नाडी नको, गळ्याला घट्ट इलॅस्टिक नको. पोटाखाली वेल्क्रो लावा, ओढलं की सुटतं. खरखरीत पट्टी खालच्या पदरावर, तोंड बाहेर करून. मऊ पट्टी वरच्या पदराच्या आतल्या बाजूला. उलटं लावलं तर केस अडकतात, आणि एकदा केस ओढले गेले की तो कपडा पाहून कुत्रा पळतो. टिकली, मणी, घुंगरू काही नाही. शोभा हवी तर वेगळ्या रंगाची किनार शिवा.

खरं सांगायचं तर बहुतेक कुत्र्यांना पट्ट्यात ओवलेला रुमाल पुरतो. गळा 16 इंचांचा असेल तर वर 10 इंच रुंद, खाली टोकाकडे निमुळता, 8 इंच लांब. शिवायची माया आणि वरच्या दुमडीचे 2 इंच वेगळे धरा. पट्टा या दुमडीतून ओवला जातो. तासाभरात तयार होतो, त्याला त्रास होत नाही, आणि फटाके सुरू झाले की झटक्यात काढता येतो.

मांजराला कपडे शिवू नका. त्याला नवं आसन शिवून द्या, ते आनंदाने वापरेल. आणि मांजर असलेल्या घरात दोरा ओवलेली सुई उघडी टाकू नका. मांजर दोऱ्याशी खेळता खेळता तो गिळतं, आणि आतड्यात अडकलेला दोरा जिवावर बेततो.

खालून दोऱ्याचा गुंता

टीप मारायला घेतली आणि खाली दोऱ्याचं घरटं झालं, की सगळे बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीचा, स्क्रू पिळत बसतात. बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्यात असतो. ताणाच्या दोन चकत्यांमध्ये दोरा नीट बसलेला नसतो. मशीनचा फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचला, म्हणजे चकत्या उघडतात. वरचा दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा, फूट खाली घ्या, चिंधीवर टीप मारून पाहा. तरीही सुटले टाके येत असतील तर सुई उलटी बसली आहे का ते बघा. सुईच्या एका अंगाला लांब खाच असते. दोरा ज्या बाजूने ओवायचा, ती खाच त्याच बाजूला हवी. बॉबिन केसचा स्क्रू सगळ्यांत शेवटी, आणि तोही पाव फेरा.

सुईचा नंबर: माहेश्वरी-चंदेरीला 11, सुती कुर्ता आणि अस्तराला 14, जाड पडदा-आसनाला 16. सणाचं काम काढताना नवी सुई घाला. टोचताना ‘टक’ असा आवाज येऊ लागला की सुई बोथट झाली. रेशमी कापडात एक धागा ओढून ती पूर्ण रुंदीभर रेघ पाडते.

मशीनला तेल दिलं तर त्याच दिवशी रेशमाला हात लावू नका. रात्रभर फुटाखाली फडकं ठेवा, सकाळी दोन मीटर चिंधीवर चालवा.

आणखी काही, थोडक्यात

काठ कापायच्या आधी हिशेब करा. साडीची लांबी साडेपाच मीटर, काठ दोन, म्हणजे अकरा मीटर काठ हातात. परकराच्या घेराला अडीच मीटर गेले की उरलेल्यात बापलेकांच्या कुर्त्यांच्या बाह्या आणि पट्ट्या निघतात. पण आधी कापून मग मोजणाऱ्याला एका बाहीचा काठ हमखास कमी पडतो.

मेणाचा खडू रेशमावर वापरू नका, इस्त्री लागली की तेलकट डाग राहतो.

काठ गोंदाने चिकटवू नका. सुई चिकट होते, काठ ताठतो, धुतल्यावर पिवळा पडतो. धावदोऱ्याला दहा मिनिटं लागतात.

एक शिवण इस्त्री न करता तिच्यावरून दुसरी आडवी शिवण नेऊ नका.

परकर घोट्याच्या 2 इंच वर संपवा. पणत्यांच्या रांगेतून मुली धावतात. नायलॉनची जाळी आणि पॉलिस्टर टिशू मुलांच्या घेराला नकोच, ते वितळून कातडीला चिकटतं. सुतीही पेट घेतं, म्हणून उंची महत्त्वाची.

भाऊबीजेचा बटवा: 8 इंच रुंद, 18 इंच लांब तुकडा, मधोमध घडी. बाजूच्या शिवणी मारताना दोन्ही बाजूंना वरून दीड इंचावर अर्धा इंच फट सोडायची, हे निम्मे लोक विसरतात आणि मग दोरी ओवायला शिवण उसवतात. दोऱ्या दोन, प्रत्येकी 22 इंच, समोरासमोरच्या फटींतून पूर्ण फेरा घेऊन. एकाच बाजूने ओढला जाणारा बटवा तिरका आवळतो आणि त्यातली नाणी बाहेर पडतात.

जरीचं पोलकं दिवाळीनंतर प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. घामाचा ओलावा वाळू द्या, मलमलीत गुंडाळा, आणि संक्रांतीला काढाल तेव्हा घडी बदलून ठेवा, म्हणजे जर घडीवर तुटत नाही.