वाळूत बग्गी चालवायला निघताय? या चुका टाळा

बग्गी, म्हणजे वाळूवर चालणारी उघडी मोटारगाडी, चालवायला नागपूरहून जैसलमेरला जाणाऱ्यांची पहिली चूक घरीच होते. ‘आपल्याला उन्हाची सवय आहे’ म्हणत मे महिन्याच्या सुट्टीतलं बुकिंग. पारा दोन्हीकडे 45 च्या पुढे जातो हे खरं, पण नागपूरच्या बर्डी बाजारात दुकानाची सावली तरी मिळते. जैसलमेरजवळच्या सम किंवा खुरीच्या वाळूच्या टेकड्यांवर तीही नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा.

वेळही सकाळची किंवा चारनंतरची घ्या. भर दुपारी सूर्य डोक्यावर असला की सावल्या पडत नाहीत आणि वाळू सगळी सपाट दिसते. टेकडीचा माथा कुठे संपतो ते कळतच नाही. वाऱ्याकडची बाजू सौम्य असते, पलीकडची मात्र 30 अंशांहून जास्त उताराची असू शकते. म्हणून माथ्यावरून उडी मारण्याच्या फंदात पडू नका. वेग कमी करा, पलीकडे काय आहे ते दिसू द्या, मग सरळ उतरा.

चढताना जोर कमी पडला की बरेच जण घाबरून गाडी आडवी वळवतात. बग्गी पलटते ती इथेच. स्टिअरिंग सरळ ठेवून, आलात त्याच चाकोरीने रिव्हर्समध्ये खाली या. पलटलीच तर हात बाहेर काढू नका, गाडीचा लोखंडी पिंजरा तुम्हाला वाचवण्यासाठीच असतो.

चाक फिरतंय पण गाडी हलत नाही? लगेच रेस सोडा. आणखी रेस दिली की चाकं खोल जातात, गाडीचं पोट वाळूवर टेकतं आणि मग चार जणांनी ढकलूनही ती हलत नाही. जळक्या रबराचा वास आला तर इंजिनचा पट्टा घसरतोय असं समजा. थांबा, त्याला थंड होऊ द्या. मग चाकांमागची आणि पोटाखालची वाळू हातांनी उपसा, चाकं सरळ करा, लो गिअर ठेवून हळूच मागे घ्या. मऊ वाळूत हाय गिअर नकोच.

आपल्याकडे उन्हात बांधतो तसा दुपट्टा बांधलात तर टोकं जॅकेटच्या आत खोचा, फिरत्या भागात अडकू शकतात. ठरलेला मार्ग सोडू नका. शेजारीच डेझर्ट नॅशनल पार्क आहे आणि तिथे मोजकेच माळढोक पक्षी उरलेत.

प्रवास विमा काढताना साहसी खेळ त्यात धरलेत का, हे पैसे भरण्याआधी विचारा. बऱ्याच पॉलिसींमध्ये ते वगळलेले असतात.