‘कोणतं औषध मारू?’ : भाजीपाला किडींच्या विस्तारकामात येणाऱ्यांसाठी

“ताई, मिरचीची पानं वळलीत. कोणतं औषध मारू?”

विस्तारकामाच्या, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत जाऊन सल्ला देण्याच्या, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका शेतकऱ्याने बांधावरच विचारलं आणि मी उभ्या उभ्या उत्तर देऊन मोकळी झाले. पानं वळली म्हणजे फुलकिडे (रस शोषणारे बारीक कीटक), असं डोक्यात पक्कं बसलेलं होतं. चिठ्ठीवर कीटकनाशकाचं नाव लिहिलं, मात्रा लिहिली. दहा दिवसांनी पुन्हा गेले, तर प्लॉट आणखी आवळलेला, शेंडे बारीक आणि ठिसूळ. शेंड्याचं एक पान तोडून उलटं केलं आणि वीसपट भिंगाखाली धरलं. शिरेच्या कडेने फिकट पिवळे, काचेसारखे ठिपके सरकत होते. आठ पाय. हे फुलकिडे नव्हतेच, कोळी होते: घरात जाळं विणणारे नव्हेत, पानाचा रस शोषणारे बारीक.

फुलकिड्यांमुळे मिरचीचं पान वरच्या बाजूला वळतं, कोळ्यामुळे खालच्या बाजूला, उलट्या होडीसारखं. एवढाच फरक. परीक्षेत तो मी बरोबर लिहिला होता, पण शेतात पान हातात घेतलं नव्हतं. कोळी हा कीटक नाही, त्यामुळे पुष्कळशी कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत. उलट त्याला खाणारे परभक्षी कोळी मरतात आणि त्याचं फावतं. त्या कुटुंबाचा हंगाम माझ्या चिठ्ठीने बिघडवला. आज मी संचालक आहे आणि माझ्या हाताखाली नव्या विस्तार अधिकाऱ्यांची तुकडी येते, तेव्हा पहिल्या दिवशी मी हीच गोष्ट सांगते.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते, कारण ती माहिती कुठेही मिळते. कृषी पदवी, मग कीटकशास्त्रात पदव्युत्तर. संख्याशास्त्र टाळू नका. प्लॉटमधला फरक औषधामुळे पडला की जमिनीमुळे, हे त्याच्याशिवाय सांगता येत नाही. आणि अळी अवस्थेतल्या किडी ओळखायला शिका. संग्रहातला टाचणीला लावलेला पतंग सुंदर असतो, पण शेतकऱ्याच्या हातात अळी असते.

खरं शिक्षण मोजण्यात आहे. सकाळी लवकर जा, कारण गारव्यात पांढरी माशी सुस्त असते आणि पान हळूच उलटवलं तर उडत नाही. प्लॉटमध्ये नागमोडी चाला. कडेच्या झाडांवरून निष्कर्ष काढू नका, पुष्कळ किडी आधी कडेला दिसतात. किती झाडं पाहिली, किती पानं पाहिली, किती अळ्या होत्या, सगळं वहीत लिहा. मित्रकीटकांसाठी, म्हणजे किडींना खाणाऱ्या कीटकांसाठी, वेगळा रकाना ठेवा. ढालकिड्याची अळी आणि जाळीदार पंखांच्या क्रायसोपाची अंडी त्यात मोजा. मादीच्या गंधाचं आमिष लावलेल्या कामगंध सापळ्यात अडकलेले पतंग नर असतात. त्यावरून हालचाल सुरू झाली एवढं कळतं, झाडावर अळ्या किती हे कळत नाही. त्यासाठी झाडच पाहावं लागतं.

फवारणीचा निर्णय आर्थिक नुकसानीच्या पातळीवर घ्यायचा, ही मांडणी कॅलिफोर्नियातल्या चार कीटकशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये केली. किडीने होणारं नुकसान आणि आटोक्यात आणण्याचा खर्च यांचा ताळा. तत्त्व सोपं आहे, पण भाजीपाल्यात ते वापरताना हात थरथरतो. फळावर एक छिद्र असलं तरी ते बाजूला काढलं जातं. टोमॅटोसारख्या पिकात तोडे दोन-तीन दिवसांनी येतात, म्हणून फवारणी आणि तोडा यांमधला प्रतीक्षा कालावधी पाळणं अवघड होतं. तो न पाळता येण्यासारखं औषध सुचवणं म्हणजे खाणाऱ्याच्या ताटात विष वाढणं, हे माझं ठाम मत आहे. आणि विषाणू पसरवणाऱ्या किडींना ही पातळी लागूच पडत नाही. टोमॅटोचा पर्णगुच्छ, म्हणजे पानं आवळणारा विषाणूरोग, पांढरी माशी पसरवते, आणि तिथे थोड्या माश्याही पुरतात. लागण झालेल्या रोपाला उपाय नाही. तिथे रोपवाटिकेवर बारीक जाळी, पहिल्या आठवड्यांची राखण आणि आजारी रोपं उपटून काढणं, एवढंच हाताशी असतं.

सगळ्यात जास्त मला शिकवलं ते कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाने. हिरवट, बोटाच्या पेराहूनही लहान अळी. स्पर्श केला की मागे सरकते आणि धाग्याला लोंबकळते. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत एक पिढी. १९५३ मध्ये जावा बेटावर तिच्यात डीडीटीला प्रतिकारक्षमता आल्याची नोंद झाली. १९९० मध्ये हवाईच्या शेतांतून अळ्या मारणाऱ्या बीटी जिवाणूच्या फवाऱ्यालाही ती दाद देत नसल्याचं प्रसिद्ध झालं. रसायन बदलत गेलं, अळी टिकून राहिली. म्हणून शेतकरी सांगतो की “औषध बदलून मारलं”, तेव्हा मी डबे बघायला मागते. नावं दोन असली तरी क्रियापद्धतीचा, म्हणजे कीड मारण्याच्या रीतीचा, गट पुष्कळदा एकच निघतो.

एकदा नव्या सहकाऱ्याने कोबीच्या पानावरचे तांदळाच्या कणीएवढे पांढरे कोश दाखवून विचारलं, “ही अंडी चिरडू का?” ते कोटेशिया या परोपजीवी गांधीलमाशीचे कोश होते. अळीच्या पोटात वाढून बाहेर पडलेली आणि आपलं अर्धं काम करून बसलेली. आम्ही ते पान काडेपेटीत ठेवलं. चौथ्या दिवशी मुंगीएवढ्या काळ्या माश्या बाहेर आल्या. शेतकऱ्यांच्या बैठकीत मी ती काडेपेटी हातोहात फिरवली. त्या बैठकीत मला फारसं बोलावं लागलं नाही.

शेतीशाळेची पद्धतही हीच. इंडोनेशियात १९८९ मध्ये भातासाठी ती सुरू झाली: व्याख्यानाऐवजी हंगामभर प्लॉटवर जमायचं, मोजायचं, चित्र काढायचं आणि निर्णय शेतकऱ्यांनीच घ्यायचा. भाजीपाल्यात ती राबवताना सगळ्यात कठीण जातं ते काही ओळी न फवारता ठेवायला लावणं. पोटच्या पिकावर प्रयोग कोण करू देईल? मी चारच ओळी मागते आणि दर आठवड्याला स्वतः मोजायला येईन असा शब्द देते. शब्द दिला की जावंच लागतं, संचालक असलात तरी.

पद वाढलं की शेत दुरावतं. अंदाजपत्रक, अहवाल, नेमणुका, प्रशिक्षणं यांत आठवडा संपतो. मी आठवड्यातल्या दोन सकाळी शेतासाठी राखून ठेवल्यात आणि त्या वेळी बैठक घेत नाही. किडीच्या प्रादुर्भावाचा इशारा माझ्या सहीने जातो, तर ती कीड मी त्या आठवड्यात पाहिलेली असली पाहिजे. आणखी एक: औषधविक्रेत्यांशी सलोखा ठेवा, पण त्यांच्याकडून काही घेऊ नका. “फवारू नका” असं सांगण्याची वेळ वारंवार येते. तुमचे हात मोकळे असतील तरच लोक ते ऐकतात.

नव्या माणसाला मी पहिला महिना शिफारस करू देत नाही. भिंग, वही आणि रिकाम्या काडेपेट्या देते. “कोणतं औषध मारू?” असं कुणी विचारलं, तर त्याने एवढंच म्हणायचं: “चला, आधी पान उलटून बघू.”